मी आहे ना!

माणसाच्या तोंडी एखादे वाक्य बसते आणि पुढे तेच त्याची ओळख होऊन बसते. माझ्या तोंडी बसलेले वाक्य आहे, 'मी आहे ना!' गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावी वीस-बावीस वर्षे मास्तरकी केली म्हणजे हे वाक्य आपोआपच जिभेवर येते. कुणाचा जातीचा दाखला अडला, मास्तर आहेत. सोयरिकीची बोलणी फिसकटली, मास्तर आहेत. जनाबाईच्या देवळात कीर्तनाची वर्गणी गोळा करायची, मतदारयादी तपासायची, एखाद्या म्हातारीला परभणीच्या दवाखान्यात न्यायला सोबत हवी, आहेतच मास्तर. आणि या साऱ्यातून रात्री जो तास-दीड तास उरतो, त्यात मास्तरांनी कादंबऱ्या लिहायच्या.

ही मी तक्रार सांगतो आहे असे वाचकांनी समजू नये. मला ते आवडते. सकाळी दार उघडावे तो ओट्यावर चार माणसे बसलेली असावीत, आपल्यावाचून त्यांचे अडलेले असावे, यात एक सुख आहे. हे सुख निर्मळ आहे की त्यात काही खोट आहे, असा प्रश्न मला उभ्या आयुष्यात पडला नव्हता. तो गेल्या दिवाळीत पडला, आणि पाडला एका यंत्राने.

पाडव्याची रात्र होती. माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला होता. हा पुण्याला इंटरनेटचे जाळे सांभाळण्याच्या नोकरीत आहे. जेवणे झाली, पणत्या विझत आल्या, तरी पोरगा मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला. शेजारी चकलीची ताटली तशीच.

मी म्हटले, "अरे, सणासुदीचे तरी मिटव ते."

"अर्धा घंटा, गुरुजी. रस्ता वळवायलोय."

"कुठला रस्ता?"

"एका राऊटरचा पंखा बिघडलाय. यंत्र तापायला लागलंय. एक वाजता तिकडचा माणूस त्याला बंद करणार. त्याच्या आत त्याच्यावरून जाणारी सगळी रहदारी दुसऱ्या वाटेनं काढायची."

"इथे गंगाखेडात माझ्या ओट्यावर बसून?"

"एका ओळीचं काम आहे, गुरुजी."

मग त्या एका ओळीचा अर्थ समजावून घेण्यात आमची ती रात्र गेली. मी संगणकाचे शास्त्र शिकलेलो नाही. पण शिकवलेल्या मुलाकडून शिकण्यासारखे दुसरे सुख मास्तराला नाही. जे मला समजले ते माझ्या भाषेत सांगतो.

आपण फोनवरून पाठवलेले छायाचित्र किंवा बोलणे अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता पडतो, आणि जाळ्याच्या चौकाचौकांत बसलेली यंत्रे तो पत्ता वाचून तुकडा पुढच्या चौकाकडे ढकलतात. या चौकातल्या यंत्राचे नाव राऊटर. टपालखात्यात पत्रांची छाननी करणारा कारकून असतो, तसा हा; मात्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हजारो पत्ते वाचणारा.

आता प्रश्न असा की, कुठल्या पत्त्याला कुठली वाट जवळची, हे या कारकुनाला सांगतो कोण? याची जुनी रीत गावातल्या बातमीसारखी होती. शेजाऱ्याने सांगावे, 'अमुक गाव माझ्यापासून तीन मुक्कामांवर,' की याने त्यात आपला एक मुक्काम मिळवून पुढच्याला सांगावे, 'माझ्यापासून चार.' स्वतः पाहिले कुणीच नाही. सगळा कारभार ऐकीव. इंटरनेटचे पूर्वज म्हणजे १९६९ साली अमेरिकेत सुरू झालेले अर्पानेट. ते पहिली दहा वर्षे याच रीतीने चालले.

"आणि त्याच्यात एकदा गंमत झाली," पोरगा म्हणाला. ती गंमत अशी. १९७३ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या यंत्राच्या स्मृतीत बिघाड झाला. यंत्र बंद पडले असते तर काही बिघडले नसते, दुसऱ्या वाटा होत्या. पण ते बंद पडले नाही. ते शेजाऱ्यांना सांगू लागले की, माझ्यापासून जगातले प्रत्येक ठिकाण शून्य अंतरावर आहे! शेजाऱ्यांनी विश्वास ठेवला, त्यांच्या शेजाऱ्यांनी त्यांच्यावर ठेवला, आणि साऱ्या जाळ्यातला माल हार्वर्डच्या दिशेने धावू लागला. तिथे तो जाई आणि तिथेच नाहीसा होई.

पोरगा हसत होता. मला हसू येईना.

त्याच्या मागल्या वर्षीची गोष्ट. आठवीच्या मुलांसाठी केंद्र सरकारची एक शिष्यवृत्ती आहे. घरच्या गरीब मुलांनी परीक्षा द्यायची; निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ही परीक्षा आठवीतच द्यायची. पुढे ती संधी नाही. माझ्या वर्गात एक मुलगी होती, गणितात अशी की मी फळ्यावर चुकलो तर बोट वर करायची. तिचा बाप ऊसतोडीला जाणारा. टोळी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तो उत्पन्नाचा दाखला आणि बाकीचे कागद घेऊन माझ्या ओट्यावर आला.

"गुरुजी, तुमच्यामागं लई कामं हायती. त्या दुसऱ्या बाई म्हणल्या, माझ्याकडं द्या. त्यांच्याकडं देऊ का?"

मी हात पुढे केला आणि म्हणालो, "कशाला? मी आहे ना!"

ते कागद मी कपाटात ठेवले. त्या आठवड्यात निवडणुकीचे काम लागले, एका नातलगाचे लग्न निघाले, आणि माझ्या नव्या कादंबरीची मुद्रिते तपासायला आली. अर्जाची मुदत संपून बारा दिवस झाले, तेव्हा त्या मुद्रितांच्या गठ्ठ्याखाली ते कागद मला सापडले. उन्हाळ्यात बाप परत आला आणि त्याने विचारले तेव्हा मी म्हणालो, "वर कुठेतरी अडकलं असेल." त्याने मान डोलावली. मोठ्यांच्या जगात कागद वर कुठेतरी अडकतात, हे त्याला नवे नव्हते.

त्या पाडव्याच्या रात्री मला कळले की मी हार्वर्डचे यंत्र होतो. मी त्या माणसाला नाही म्हटले असते तर दहा पावलांवर दुसरी वाट होती, चांगली, मोकळी. मी त्याला सांगितले, माझ्यापासून सगळे शून्य अंतरावर आहे. जो मदत करीत नाही त्याच्यामुळे माणसे अडत नाहीत. ती दुसरीकडे जातात. माणसे बुडतात ती मदत करतो म्हणणाऱ्यापाशी.

"पुढे काय केले त्यांनी?" मी विचारले.

१९७९ साली अर्पानेटने ती ऐकीव रीत टाकली आणि दुसरी धरली. तिच्यातून पुढे ज्या पद्धती निघाल्या त्यांतली एक ओपन शॉर्टेस्ट पाथ फर्स्ट, थोडक्यात ओएसपीएफ. ही १९८९ साली कागदावर आली. पोरगा जे यंत्र वळवीत होता, ते याच पद्धतीने चालणारे. हिचे नियम मला एखाद्या सदाचाराच्या पोथीतले वाटले. पहिला नियम: प्रत्येकाने फक्त स्वतःपुरते बोलायचे. माझे शेजारी कोण, आणि माझ्याकडून त्यांच्याकडे जायला किती जकात पडते, एवढेच. वेगवान तारेला जकात कमी, मंद तारेला जास्त. दुसरा नियम: दुसऱ्याने स्वतःबद्दल जे सांगितले ते जसेच्या तसे पुढे द्यायचे, त्यात आपले अक्षर घालायचे नाही. अशी सर्वांची निवेदने सर्वांकडे पोचली की प्रत्येकापाशी साऱ्या मुलखाचा एकच नकाशा तयार होतो. त्यावरून कमीत कमी जकातीची वाट ज्याची त्याने काढायची. ही वाट काढण्याचे गणित एड्सगर डाइक्स्ट्रा नावाच्या डच गणितज्ञाचे. १९५६ साली ॲम्स्टरडॅमच्या एका कॉफीगृहात, वाग्दत्त वधूबरोबर बसला असताना, त्याने ते कागद-पेन्सिलीवाचून वीस मिनिटांत सोडवले, आणि १९५९ साली छापले. आमच्या मराठी कादंबरीत असा नायक घातला तर संपादक म्हणतील, हे काही पटत नाही.

या पद्धतीत राऊटर शेजाऱ्याला साधारणपणे दर दहा सेकंदांनी हाक देतो. चाळीस सेकंद हाक आली नाही तर शेजारी धरून चालतो की, हा गेला. मग नकाशा बदलतो, नव्या वाटा निघतात. पण त्या चाळीस सेकंदांत जो माल त्याच्या दारी जातो, तो वाया जातो. म्हणून जाणती माणसे यंत्र एकदम बंद करीत नाहीत. त्याच्या आधी ती एक ओळ लिहितात.

त्या ओळीने काय होते? राऊटर आपल्या प्रत्येक शेजाऱ्याकडे जाण्याची जकात ६५,५३५ म्हणून जाहीर करतो. या पद्धतीत जकातीसाठी जेवढी जागा ठेवली आहे, तीत याहून मोठा आकडा मावतच नाही. 'माझ्यावरून जायचे तर ही जकात पडेल,' असे तो उघड सांगतो. बाकीचे आपापला हिशेब नव्याने मांडतात आणि त्याला वळसा घालून जाऊ लागतात. कुणाचा माल बुडत नाही, कुणाला दुखवावे लागत नाही. ही युक्ती २००१ साली इंटरनेटच्या कागदपत्रांत नोंदली गेली, आणि २०१३ साली ती नोंद सुधारून पुन्हा लिहिली गेली.

पोरगा पडद्यावर दाखवीत होता. रहदारीची रेघ उतरत उतरत तळाला टेकली. यंत्र चालू होते, दिवे लागलेले होते, पण त्याच्यावरून कुणी जात नव्हते.

मी मास्तर असल्यामुळे शंका काढणे भागच होते. मी म्हटले, "अरे, पण ही तर पळवाट झाली. ज्याला काम नको त्याने मोठा आकडा सांगावा आणि बसावे. जनाबाईच्या गावात बसून हे तू मला शिकवतोस?" कारण आमच्या गंगाखेडची थोरवी ती हीच. इथे जन्मलेली एक पोर पंढरपूरला दामाशेटींच्या घरी दासी म्हणून राहिली, दळण-कांडण करीत राहिली, आणि तिच्या जात्याला हात लावायला प्रत्यक्ष विठ्ठल आला, असे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. 'मला जमणार नाही' हे वाक्य त्या कथेत बसत नाही.

पोरगा म्हणाला, "गुरुजी, दोन गोष्टी तुम्ही पाहिल्या नाहीत. एक म्हणजे, त्यानं स्वतःचं दार बंद केलेलं नाही. त्याच्यावरून दुसरीकडं जाणारे वळवले. खुद्द त्याच्याकडंच ज्यांचं काम आहे, त्यांची वाट पहिल्यासारखीच आहे. मी आत्ता त्याच्याशीच बोलायलोय की! दुसरी म्हणजे, ६५,५३५ ही जकात आहे, नकार नाही. समजा एखाद्याला दुसरी वाटच नसली, तर तो एवढी जकात मोजून ह्याच्यावरूनच जाईल. आणि हा त्याला जाऊ देईल."

ही दुसरी गोष्ट मला फार मोठी वाटली. परभणीहून गंगाखेडला यायचे तर गोदावरी ओलांडावीच लागते. कुणी पुलाला म्हणेल की आज तू विश्रांती घे, तर तसे चालत नाही. 'शक्यतो माझ्याकडे येऊ नका. पण दुसरे कुणीच नसेल तर या.' कर्तव्य आणि स्वतःच्या शक्तीची मर्यादा यांचा मेळ याहून कमी शब्दांत घातलेला मी वाचलेला नाही. आयएस-आयएस नावाची याच घराण्यातली आणखी एक पद्धत आहे. तिच्यात यंत्र अतिभाराची एक खूण लावते; ती लावली की त्याच्यावरून परक्याला वाटच नाही, दुसरी असो वा नसो. तेही कधीकधी योग्य असेल. तापाने फणफणलेल्या माणसाने दुसरे कुणी नाही म्हणून गाडी हाकू नये. तो स्वतःही मरेल आणि आतल्यांनाही मारील. मोठी जकात केव्हा सांगायची आणि साफ नकार केव्हा द्यायचा, हे ज्याचे त्यानेच ओळखायचे. पण कामचुकार आणि प्रामाणिक यांतला फरक मात्र मला त्या रात्री लख्ख दिसला. कामचुकार आपली अडचण माणूस पाहून सांगतो. साहेबाला एक जकात, शेतमजुराला दुसरी. प्रामाणिक माणूस एकच आकडा सर्वांना सांगतो, आणि वेळ टळण्याच्या आत सांगतो.

इतका वेळ आमच्या सौभाग्यवती आत फराळाचे डबे आवरीत होत्या. त्या दारात येऊन म्हणाल्या, "तो बाजूला झाला, चांगलं झालं. पण त्याची रहदारी आता कुणाच्या डोक्यावरून चाललीय, ते विचारा की."

पोरगा एकदम सावरून बसला. "काकू, हाच पहिला प्रश्न असतोय. ओळ लिहायच्या आधी दुसऱ्या तारांवर किती जागा आहे ते बघावं लागतं. नाही बघितलं तर त्या तुंबतात, आणि एकाच्या दुरुस्तीपायी दोघं आडवे पडतात."

"मग तुझ्या गुरुजींना ही पद्धत शिकवू नकोस," ती म्हणाली. "ते आजवर जेव्हा जेव्हा बाजूला झाले, तेव्हा सगळी वाट माझ्यावरूनच गेली. ओट्यावर आलेल्या माणसाला 'मी आहे ना' म्हणतात हे, आणि चहा, जेवण, निरोप, आजारी माणसाला रात्रीची सोबत, हे कुणावरून जातं?"

मी हसून तो विषय टाळणार होतो. पण नुकताच ऐकलेला पहिला नियम आडवा आला. प्रत्येकाने फक्त स्वतःपुरते बोलायचे. दुसऱ्याची जकात आपण जाहीर करायची नाही. आमच्या घरांतून तर आम्ही नेमके तेच करीत आलो. 'तिला काय, घरीच असते', 'आईला आवडते करायला', 'धाकट्याला काय काम आहे?' दुसऱ्याची जकात आम्ही परस्पर सांगून मोकळे होतो, आणि ती नेहमी एक असते, सर्वांत कमी. मग सगळ्या वाटा तिथूनच जातात, आणि ते माणूस एक दिवस आडवे पडले की आम्हाला आश्चर्य वाटते. जनाबाईच्या कथेतही मी आजवर दळणाचे कौतुक केले. विठ्ठलाला जात्याशी यावे लागले याचा अर्थ त्या घरातले दुसरे कुणी आले नव्हते, हे माझ्या कधी मनात आले नाही.

एक वाजता यंत्र बंद झाले. पावणेदोनला नवा पंखा बसून ते सुरू झाले. मी म्हटले, "चला, आता काढ ती ओळ आणि झोप."

"इतक्यात नाही, गुरुजी. तो जागा झालाय, शेजाऱ्यांची ओळखही पटली. पण बाहेरच्या जगाचे पत्ते त्याला पुन्हा शिकायचेत, त्याला काही मिनिटं लागतात. आत्ताच वाट मोकळी केली तर माल येऊन पडेल आणि पुढं कुठं धाडायचा ते त्याला ठाऊक नसेल. पूर्ण शिकेपर्यंत त्यानं मोठाच आकडा सांगत राहायचं."

आम्ही दोघे त्या अंधारात ती मिनिटे मोजीत बसलो. आजारातून उठलेला, दुःखातून सावरलेला, नव्या कामावर रुजू झालेला माणूस पहिल्याच दिवशी 'मी आहे ना' म्हणायला किती उतावळा असतो, आणि आपणही त्याच्यावर ओझे टाकायला किती उतावळे असतो, हे मला आठवत होते. मग पोरग्याने ती ओळ काढली. रेघ हळूहळू वर चढली.

भाऊबीज आटोपल्यावर मी त्या मुलीच्या घरी गेलो. टोळी अजून निघायची होती. बाप कोयत्याला धार लावीत होता. मी उभ्या उभ्याच सांगितले, की कागद वर कुठेही अडकले नव्हते, ते माझ्या कपाटात होते. मुलगी चुलीपाशी होती. तिने वर पाहिले नाही. बाप बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, तवा 'न्हाई' म्हणला असता, तरी आमच्यासाठी तुम्ही गुरुजीच होता."

त्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. माणूस नाही का म्हणत नाही, तर नाही म्हटल्याने आपण कुणीतरी राहणार नाही या भीतीने. ती भीती मी चांगुलपणा म्हणून वीस वर्षे मिरवली, आणि तिची किंमत एका मुलीने भरली. ती आता दहावीत आहे. त्या चार वर्षांचे ४८,००० रुपये मी देऊ केले. बापाने घेतले नाहीत. मुलीने मात्र गणिताची पुस्तके मागितली, ती नेऊन दिली.

यंदा शिष्यवृत्तीचे कागद घेऊन एक बाई ओट्यावर आली. माझा हात सवयीने पुढे झाला होता. तो मी मागे घेतला. म्हटले, "यंदा हे काम शाळेतल्या बाई बघतात. आधी त्यांना विचारा, त्यांना सवड आहे का. नसली तर परत या." ती गेली, आणि परत आली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंच्या टेबलावर ते कागद मी पाहिले. मला थोडे वाईट वाटले, हे कबूल केले पाहिजे. मग घरी येऊन मी हिला विचारले, "आज तुझी जकात किती?"

ती म्हणाली, "आज? पासष्ट हजार." मी चहा ठेवायला उठलो.